किल्ल्याचे मामा

प्रत्येक जुन्या किल्ल्याला बुरूज, तोफ, चोरदरवाजा आणि एक मामा असतो. पहिल्या तिघांची माहिती पाटीवर लिहिलेली असते. आणि चौथा नेमका त्या पाटीला टेकून उभा असल्यामुळे ती कुणाला वाचता येत नाही.

आमच्या नळदुर्गचे मामा नक्की कुणाचे मामा, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बोरीकाठची आम्ही पोरं त्यांच्या मागं हिंडतच मोठी झालो. धोतर, डोक्याला उपरणं, हातात काठी. ही काठी चालायला नव्हती, इतिहास दाखवायला होती. जेवणाची घरं वाटून घेतलेली. कुणी टोकलं की म्हणायचे, "खंडोबा बघा की. मूर्ती एक, देवळं दोन. पावणेदोन महिने हितं मैलारपुरात, बाकी वरीसभर अणदूरला. देवाला चालतंय, मग मला का नको?"

गाडी थांबली की मामा आधी नंबरप्लेट बघत. कारण किल्ल्यातलं भुयार कुठं निघतं, हे त्यावर ठरायचं. पाहुणे सोलापूरचे असले तर भुयार सोलापुरात. हैदराबादचे असले तर थेट गोवळकोंड्यात. एकदा नागपूरची मंडळी आली. मामांनी जरा वेळ काठी टेकवली आणि म्हणाले, "जातंय की. पर मधी एक मुक्काम करावा लागतोय."

उपळ्या बुरुजावर दोन लांबलचक तोफा आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ. त्या उंच बुरुजाच्या पायऱ्या चढून पाहुण्यांना धाप लागली, म्हणजे शंका काढायला दम उरला नाही, की मामा सुरू करत. "हिचा गोळा तुळजापुरात पडायचा."

आमच्यातल्या एका आगाऊ पोरानं विचारलं, "मग देवळाला लागला कसा नाही?"

"आई झेलायची," मामा म्हणाले. विषय संपला.

नव्यानं आलेले एक गुरुजी मात्र हट्टाला पेटले. नदीत बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल मामांच्या मते नळराजानं दमयंतीसाठी बांधला होता. गुरुजींनी सांगितलं, हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं. आत फारसी शिलालेखच आहे. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "असंल की. घर आधी बांधतेत, पाटी मागनं लावतेत."

गुरुजींनी पुढं बदली मागून घेतली. ती ह्याच कारणानं असं मी म्हणणार नाही, पण मामा म्हणायचे.

नळराजा तसा लांबचा. १३ सप्टेंबर १९४८ चं प्रकरण मात्र मामांच्या हयातीतलं, त्यामुळं तिथं ते स्वतःच शिरत. निजामाच्या राज्यात भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूनं घुसल्या, त्या पहिल्यांदा आमच्याच गावावर आल्या, आणि बोरीवरचा पूल शाबूत त्यांच्या हाती लागला. इथवर पुस्तकंही सांगतात. पूल उडाला कसा नाही, हे फक्त मामा सांगत. "सुरुंगाची वात वल्ली झालती. बारा-तेरा वरसाचं लेकरू, पहाटंची थंडी, पुलाखाली बसलो... आता बायामाणसांम्होरं किती सांगू?" एवढं बोलून ते खरोखर लाजायचे. स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी अर्ज केलात का, असं कुणी विचारलं की म्हणत, "पुरावा वाळून गेला की हो."

पावसाळा म्हणजे मामांची सुगी. नदी भरून आली की बांधावरून पाण्याचे दोन लोट कोसळतात. एक नर, एक मादी. "उद्या सांच्याला मादी सुटतीय बघा," असं मामा आदल्या दिवशी जाहीर करत आणि ते बहुधा खरं निघे. गाव याला त्यांची सिद्धी मानत असे. वरच्या अंगाला पाऊस किती झाला, हे ते स्टँडवर चहा पिणाऱ्या एसटी ड्रायव्हरांना रोज विचारतात, हे आम्हा पोरांना माहीत होतं. पण तोंड बंद ठेवण्याबद्दल आम्हाला भजी मिळत असत.

त्या दिवसांत ते पाहुण्यांना पाणीमहालाच्या खिडकीत बसवत. डोक्यावरून अख्खी नदी पुढं कोसळते आहे आणि आत अंगावर थेंब नाही, असली करामत आदिलशाही गवंड्यांनी करून ठेवली आहे. आवाज मात्र इतका, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. मामा बोलायचं थांबवत नसत. काठी फिरवत, बोटं मोडत, कपाळाला हात लावत ते तिथं अर्धा-अर्धा तास बोलत आणि पाहुणे भारावून माना डोलवत. मामा तिथं खरा इतिहास सांगत असावेत, असा मला अजूनही संशय आहे. बक्षिशी मात्र त्यांना तिथंच सगळ्यांत जास्त मिळायची.