एकांताची मोहीम

कोकणात एकट्याने सायकल चालवणाऱ्याला घाटाची भीती वाटते, पण घाट निदान संपतो तरी. माणसांचा चांगुलपणा संपत नाही. रेवस-रेड्डी सागरी मार्गावर पूल नसलेली खाडी आली की फेरीबोट. दाभोळला सायकल आत ढकलावी, तर समोरचं धोपावं येईस्तोवर तुमचं गाव, आडनाव, पगार आणि सायकलची किंमत साऱ्या बोटीला पाठ. "एवढ्यात मोटारसायकल आली असती की हो!"

आत्मशोधासाठी निघालेला हा मुसाफिर संध्याकाळी देवळामागची निर्जन जागा हेरून तंबू ठोकतो. खुंट्या ठोकून होईस्तोवर पोरं सायकलची घंटी वाजवायला हजर. मागोमाग बॅटरी घेतलेले काका. "इथे विंचू निघतात. ओटीवर चला." त्याला तंबूतच झोपायचंय, खास त्यासाठीच महिन्याच्या पगाराचा तंबू घेतलाय, हे काकूंना पटत नाही. "घरी भांडून आलात का?" त्या हळूच विचारतात. काळजी अगदी खरी असते, हीच अडचण.

मग ऊनऊन भात, कुळथाची पिठी, सोलकढी. वर पुण्यातल्या लग्नाळू पुतणीची माहिती, न मागता. साहसी वीराच्या सामानात स्टोव्ह असतो. तो मोहीमभर पेटत नाही.

आठवड्याने फोटो झळकतो: 'मी, समुद्र आणि एकांत'. कोपऱ्यात काकांचा अंगठा आलाय. फोटो त्यांनीच काढला होता.