आधी शेवट, मग विमान

परदेशात जाऊन छोटा माहितीपट काढायचा तर आधी तो घरी बसून लिहून काढावा लागतो. पैसे देणारी संस्था विचारते, गोष्ट काय, पात्रं कोण, शेवट काय? ज्या गावात अजून पाय ठेवला नाही, तिथली विधवा तिसऱ्या दिवशी कुठल्या ओट्यावर बसून रडणार, हे अर्जात भरायचं. सरकारांनाही तेच हवं. भारतात माहितीपट करू पाहणाऱ्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीत विषयाचा गोषवारा द्यावा लागतो. वास्तव काय सापडणार यावर दोन कचेऱ्यांचं एकमत झालं, की तिकीट काढायला हरकत नाही. ऑस्करच्या नियमानं लघु-माहितीपट श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांत बसवायचा. तेवढ्यात गाव, भूक, आशा आणि शेवटी हसणारं पोर!

सामानाची चौकशी मात्र कसून होते. १०० वॉट-अवरच्या वरची बॅटरी असेल तर विमान कंपनीची परवानगी, १६० च्या वर असेल तर ती घरीच. मोरोक्कोत विनापरवाना ड्रोन नेलात, तर तो कस्टमवाल्यांकडे राहतो. कॅमेरा विकायला नाही, परत न्यायला आणलाय याची हमी देणारं ‘कार्ने’ नावाचं कागदपत्र असतं. त्यात सामानाची नगवार यादी. लेन्स मायदेशी परतली का, याचा हिशेब कस्टम ठेवतं. त्या लेन्ससमोर आयुष्य उघडून बसलेल्या माणसाकडे पुन्हा कुणी फिरकलं का, हे विचारणारं खातं कुठल्याच देशात नाही.

वास्तव आधीच ठरवून जायची ही रीत जुनीच आहे. अमेरिकन रॉबर्ट फ्लाहर्टी कॅनडाच्या उत्तरेला गेला आणि १९२२ साली ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ घेऊन आला. पैसे फर विकणाऱ्या फ्रेंच कंपनीचे. नायकाचं खरं नाव अल्लाकारियालाक, पण ते पोस्टरवर कोण वाचणार? इन्युइट मंडळी तेव्हा बंदुका वापरत होती. यानं हार्पून हाती दिलं. इग्लूत कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून अर्ध्या कापलेल्या इग्लूत, उघड्यावर, कुटुंब झोपल्याचं सोंग घेऊन पडलं. पुढे आयर्लंडच्या अरन बेटांवर तर त्यानं कित्येक दशकांपूर्वी बंद पडलेली शार्कची शिकार लोकांना नव्यानं शिकवली आणि १९३४ साली ‘मॅन ऑफ अरन’ म्हणून जगाला दाखवली. याला माहितीपटाचा जनक म्हणतात.

उलट फ्रेंच दिग्दर्शक लुई माल १९६८ साली संहितेविनाच भारतात आला आणि दिसेल ते टिपत महिनोन्‌महिने हिंडला. बीबीसीनं ते दाखवलं, आपलं सरकार खवळलं आणि १९७० साली बीबीसीचं दिल्लीचं कार्यालय बंद झालं. आधी ठरवून न येणाऱ्याची शिक्षा अशी भलत्यालाच भोगावी लागते.

आपल्या सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, लंडनहून कॅमेरा मागवला आणि स्वतः मुंबईतच राहिले. १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागत त्यांनी टिपलं. यंत्र परदेशी, विषय दारातला. आता यंत्र खिशात आलंय, तर विषयासाठी आइसलँडला जावं लागतं.

तेव्हा अनुदानवाल्यांना एक विनंती. अर्जातला ‘शेवट’ हा रकाना काढून टाका आणि त्या जागी दोन साधे प्रश्न छापा : तिथली भाषा येते का? आणि झालेला सिनेमा तिथल्या लोकांना कधी दाखवणार, तारीख लिहा.