पाच सांग!

शिरूमामासमोर बास्केटबॉलचा विषय काढणारा माणूस साधारण चौथ्या नावाला अडकतो. सुरुवात जोरात असते. "१९९६ ची शिकागो बुल्स! बहात्तर जिंकले, दहा हरले. तशी टीम पुन्हा होणे नाही." मामा मान डोलावतो, सुपारीचं खांड या गालातून त्या गालात सरकवतो आणि म्हणतो, "पाच सांग."

"जॉर्डन, पिपेन, रॉडमन..."

"तीन झाले."

"तो... कुकोच!"

"तो बेंचवरून यायचा. पण मॅच संपवायला तोच असायचा, म्हणून धरला. बाकीचे?"

बाकीचे येत नाहीत. रॉन हार्पर कोणाला आठवत नाही. ऑस्ट्रेलियाहून आलेला ल्यूक लाँगली सात फूट दोन इंच उंच, पण एवढा मोठा असून कोणाच्या नजरेत भरलेला नसतो. समोरचा छताकडे बघत राहतो आणि मामाच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षेत पोराला बरोब्बर पकडलेल्या मास्तरांचं समाधान पसरतं. "तीन माणसांनी बास्केटबॉल होत नाही बे," तो सांगतो. मग जरा थांबून, "म्हणजे होतो. ऑलिंपिकमध्येही घेतला आता. पण तो वेगळा."

अशी माणसं सगळीकडे असतात. गाजलेल्या नाटकाचा विषय निघाला की नायक-नायिका सोडून "त्यात हवालदार कोण व्हायचा?" असं विचारणारी. १९८३ च्या विश्वचषकाच्या गप्पांत कपिल, मोहिंदर बाजूला ठेवून एकही सामना खेळायला न मिळालेल्या सुनील वॉल्सनची बाजू घेणारी. शिरूमामा त्यांच्यातलाच. बँकेतून निवृत्त झालेला, नागपूरचा, कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळलेला. संघात कितवा होता, हे आम्ही कोणी विचारत नाही.

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत एनबीएचे प्लेऑफ चालतात. तिकडे रात्रीचे साडेआठ-नऊ म्हणजे नागपुरात सकाळचे सहा-साडेसहा. मामा पाचला उठतो, कूलरमध्ये पाणी भरतो, दूध तापवतो आणि टीव्हीसमोर बसतो. आवाज बंद. एक तर मामी झोपलेली असते. आणि दुसरं म्हणजे समालोचक ज्याने बास्केट केली त्याचंच नाव घेत राहतात, ते मामाला खपत नाही. "बॉल ज्याच्या हातात आहे त्याला काय पाहायचं? तो तर दिसूनच राहिला ना!" दूधवाल्याने किंवा शेजारच्या पोराने दारातून विचारावं, "काका, कोण पुढे?" तर उत्तर येतं, "स्कोअर नाही पाहिला अजून. पण आत्ताच दोन बदलले." पोरगं बिचारं निघून जातं.

बदललेले दोघं डायरीत जातात. विमा कंपनीकडून फुकट मिळणारी जाडजूड डायरी. एकेका पानावर पाच नावं एकाखाली एक, पुढे मिनिटं, आणि पुढे प्लस-मायनस. म्हणजे हे पाच जण मैदानात असताना आपण किती गुण केले आणि समोरच्याने किती, त्यातली तफावत. हा हिशेब १९९६-९७ च्या हंगामापासूनच नीट मिळतो, ही मामाची कायमची सल. त्याआधीच्या पानांवर नुसती नावं आणि समोर प्रश्नचिन्ह. १९८६ ची बोस्टन, जी घरच्या मैदानावर साखळीत चाळीस जिंकून एकच हरली: डेनिस जॉन्सन, एंज, बर्ड, मकहेल, पॅरिश. प्रश्नचिन्ह. आणि पुढे कंसात बिल वॉल्टन, कारण एवढा मोठा माणूस तिथे सहावा होता.

१९८३ च्या फिलाडेल्फियाच्या पानावर मात्र मामाने एका नावाखाली लाल शाईने रेघ मारली आहे. मोझेस मलोन, ज्युलियस अर्व्हिंग, मॉरिस चीक्स, अँड्र्यू टोनी हे चौघं त्या वर्षीचे ऑल-स्टार. मोझेसने आधीच सांगून टाकलं होतं, तीन फेऱ्या, चार-चार-चार. प्रत्यक्षात त्यांनी बारा जिंकले आणि एक हरले. रेघ मात्र यांच्यापैकी कोणाखाली नाही. ती आहे मार्क आयव्हरोनीखाली. इटलीत खेळून उशिरा एनबीएत आलेला, आल्याआल्या या चौघांबरोबर उभा राहिलेला पाचवा. विदर्भात आयव्हरोनीचं नाव कोणी आदराने घेत असेल तर ते या एका घरात.

"प्लेऑफमध्ये पाचवाच मारतो किंवा तारतो," हा त्याचा सिद्धांत. साखळीत रोज नवा संघ, दहा-दहा माणसं फिरवता येतात. प्लेऑफमध्ये कोच सात-आठांवर येतो आणि समोर तोच संघ सात-सात वेळा उभा राहतो. तुमच्यातला कच्चा कोण, हे त्यांना दुसऱ्या सामन्यापर्यंत कळतं. "मग बाकीचे चार देव असू दे. बॉल घेऊन सगळे त्याच्याच अंगावर येऊन राहिले, काय करशील?"

हे सगळं तो जेवणाच्या टेबलावर करून दाखवतो. विषय बहुतेक वेळा एकच: जून २०१५, फायनलचा चौथा सामना. गोल्डन स्टेट क्लीव्हलँडविरुद्ध एक-दोनने मागे. मिठाची बरणी म्हणजे स्टीफ करी, तुपाची वाटी क्ले थॉम्पसन, चमच्यांचा पेला हॅरिसन बार्न्स, पाण्याचा तांब्या ड्रेमंड ग्रीन. आणि लोणच्याची मोठी चिनीमातीची बरणी म्हणजे अँड्र्यू बोगट, सात फुटी सेंटर. "आता पाहा." मामा बरणी उचलून टेबलाच्या कडेला ठेवतो आणि तिच्या जागी एक साधा कप आणतो. हा आंद्रे इग्वोडाला, अख्ख्या साखळीत एकदाही सुरुवातीला न खेळलेला. तांब्या सरकत मध्यभागी जातो. साडेसहा फुटांचा ग्रीन सेंटर झाला! आता पाचही जण पळणारे, पाचही जण पास देणारे, कोणीही कोणालाही अडवू शकतो. समोरच्या उंच माणसाला बास्केटखालून बाहेर यावं लागतं, आणि तो बाहेर आला की आत मोकळं रान.

गोल्डन स्टेटने तो सामना १०३-८२ ने जिंकला, मग पुढचे दोन्ही जिंकले आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो कप. ही कल्पना कोच स्टीव्ह करला सुचलीच नव्हती. ती सुचली निक युरेन नावाच्या त्याच्या विशीतल्या सहायकाला. त्याने आदल्या वर्षीच्या फायनलचे व्हिडिओ पाहताना हेरलं, की सॅन अँटोनिओने मायामीविरुद्ध बोरिस दियावला सुरुवातीला आणून असाच डाव फिरवला होता. रात्री त्याने निरोप पाठवले, सकाळी ठरलं. आणि पत्रकारांनी विचारलं तेव्हा करने सरळ सांगितलं, काही बदल नाही. नंतर म्हणाला, चषक काही नीतिमत्तेवर मिळत नाही. इथे मामाचे डोळे चमकतात. "नरो वा कुंजरो वा! धर्मराजाने केलं तर चालतं?"

"ते होऊ द्या," मामी आतून सांगते, "बोगट इकडे द्या. मुलाला लोणचं पाहिजे."

माझा एक चुलतभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तो गोल्डन स्टेटचा भक्त, आणि त्याच्याशी मामाची दर रविवारी फोनवर लढाई. भावाचं म्हणणं, सगळ्यात दरारा असलेले पाच म्हणजे २०१७ चे: करी, थॉम्पसन, इग्वोडाला, ग्रीन आणि केव्हिन ड्युरँट. त्या वर्षी प्लेऑफमध्ये सोळा विजय, एक पराभव. मामाला आकडा नाकारता येत नाही, म्हणून तो जन्मकथा काढतो. ड्युरँटला मनवायला ही मंडळी न्यूयॉर्कजवळच्या हॅम्प्टन्समध्ये गेली होती, म्हणून नाव हॅम्प्टन्स फाइव्ह. "श्रीमंतांच्या बंगल्यावर बसून ठरवलेले पाच! आणि सामना सुरू कोण करायचं? पाचुलिया!" मग तो हळूच २०१६ वर येतो. त्र्याहत्तर विजयांचा विक्रम, फायनलमध्ये तीन-एक आघाडी. पाचव्या सामन्याला ग्रीनवर बंदी आली. त्याच सामन्यात बोगट जखमी झाला. शेवटी सातवा सामना ९३-८९ ने गेला. "एक विटा काढली," मामा म्हणतो, आणि उत्साहाच्या भरात 'वीट'चं अनेकवचन होऊन जातं, ते कोणी दुरुस्त करत नाही.

त्याचे स्वतःचे लाडके पाच म्हणजे २००४ ची डेट्रॉइट. बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स, बेन वॉलेस, रशीद वॉलेस. बिलप्स चार गावचं पाणी पिऊन आलेला, हॅमिल्टन तोंडावर मुखवटा लावून खेळणारा, बेन वॉलेसला तर निवडीच्या दिवशी कोणीच घेतलं नव्हतं, आणि रशीद फेब्रुवारीत येऊन मिळालेला. समोर लेकर्स: शॅक, कोबी, कार्ल मलोन, गॅरी पेटन. डेट्रॉइटने त्यांना चार-एकने घरी पाठवलं. तिसऱ्या सामन्यात लेकर्सना अवघ्या ६८ गुणांवर रोखलं.

हा अडुसष्ट आकडा आमच्या घरात कायमचा मुक्कामाला आहे. धाकट्याला बारावीत तेवढेच टक्के पडले, घरात सुतक पडल्यासारखी शांतता, आणि मामा पेढे घेऊन आला. "अबे, शॅक, कोबी, मलोन, पेटन सगळ्यांनी मिळून अडुसष्ट केले होते. तू एकट्याने केले!" पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा हसलं. पुढे २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमाने साखळीत ६८ सामने जिंकून विजेतेपद घेतलं, तेव्हा पहिला फोन धाकट्यालाच गेला होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन संघ मुंबईत वरळीला खेळायला आले, तेव्हा मामा रेल्वेने गेला होता. इंडियाना आणि सॅक्रामेंटो. पहिला सामना शाळेच्या पोरांसाठी होता. तो जादा वेळेत गेला आणि एका गुणाने सुटला. मामाच्या वाट्याला दुसरा आला, एकतर्फी. परत येऊन म्हणाला, "सरावाचे सामने. डायरीत लिहायला एक पाच टिकेल तर शप्पथ." सॅक्रामेंटोचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, त्यामुळे त्या संघाबद्दल त्याला घरचं वाटतं, पण घरचं वाटलं तरी तो संघ तेव्हा २००६ पासून प्लेऑफला शिवलेला नव्हता. २०२३ मध्ये एकदाचा पोचला, तर पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात करीने पन्नास गुण ठोकून बाहेर काढला. मामाने त्या दिवशी दोन्ही बाजूंनी दुःख केलं.

खरी गडबड झाली ती मामाच्या मुलाच्या लग्नात. आदल्या दिवशी ग्रहमखाची घरचीच पंगत. वाढायला पाच जण, नावं अर्थातच डायरीत. गोळाभातावर मामाचे साडू: सहा फुटी, खणखणीत आवाजाचे, मानाचे. पहिली दहा पानं होईपर्यंत मामाने पाहिलं, की साडू प्रत्येक पानाशी थांबून "ओळखलं का?" विचारतात. भात अडतो, फोडणीचं तेल घेऊन मागे आलेला माणूस ताटकळतो, पुढची रांग कोरडा भात चिवडत बसते. आणि मीठ-लिंबू वाढणारं वाळकुडं पोरगं मात्र दोन फेऱ्या करून तिसरीला निघालेलं. मामाने भर पंगतीत साडूंच्या हातातलं पातेलं घेतलं, त्या पोराच्या हातात दिलं आणि सांगितलं, "तुम्ही आता बसा."

पंगत झकास उठली. साडू मात्र न जेवता गेले. दुसऱ्या दिवशी अक्षतांपुरते आले, उभ्या उभ्या परतले, ते पुढे कित्येक दिवाळ्या फराळालाही फिरकले नाहीत.

मामीने तेव्हा काही म्हटलं नाही. पण त्यानंतर कधीतरी मामा कोणा पाहुण्याला टेबलावर चौथा सामना दाखवत असताना, बरणी कडेला सरकताच, ती म्हणाली, "एक विचारू? त्या बोगटला सांगितलं कोणी?"

"काय सांगितलं?"

"की उद्या तू बसणार. इतके दिवस तोच उभा राहायचा ना सुरुवातीला? मग कोणीतरी जाऊन सांगितलं असेल. काय शब्दांत सांगितलं?"

मामाने डायरी काढली. तिच्यात मिनिटं होती, गुण होते, हे नव्हतं. इग्वोडालाबद्दल मात्र त्याला ठाऊक होतं: आधीच्या सगळ्या कारकिर्दीत तो सुरुवातीलाच खेळायचा, आणि त्या हंगामाच्या तोंडावर करने त्याला बेंचवर बसायला राजी केलं होतं. "राजी केलं म्हणजे?" मामीने विचारलं. "पातेलं हिसकून?"

गेल्या वर्षी नातवाची मुंज झाली. मामाने पाच नावं लिहून मामीला दाखवली. तिने पेन घेतला, एक नाव खोडलं आणि वर आपल्या मेहुण्यांचं लिहिलं.

"ते पळत नाहीत," मामा कळवळून म्हणाला. "थांबतात, बोलतात. रांग अडते."

"अडू द्या. मी स्वतः जाऊन बोलावून आले आहे."

साडू आले. धोतर, उपरणं, हातात मठ्ठ्याची बादली. पहिल्या पानाशी थांबले, दुसऱ्याशी थांबले, तिसऱ्या पानावर व्याही होते, त्यांच्याशी तर गळाभेटच झाली आणि बादली कलंडून अर्धा मठ्ठा व्याह्यांच्या नव्या कोऱ्या सिल्कच्या कुर्त्यावर. क्षणभर कोणी बोलेना. मामाचा हात आपोआप खिशातल्या डायरीकडे गेला. मामीने दुसऱ्या टोकाकडून नुसतं पाहिलं.

मामाने हात बाहेर काढला, पंचा घेऊन धावला, व्याह्यांचा कुर्ता टिपता टिपता साडूंना म्हणाला, "भाऊ, होतं असं, तुम्ही चालू ठेवा," आणि माझ्याजवळून जाताना दातओठ खात पुटपुटला, "मायनस सात."