छपरावर डोकं ठेवण्याआधी

माणसाला डोक्यावर छप्पर लागतं, ही जुनी समजूत. फोर बाय फोर गाडी घेतलेल्या माणसाला छपरावर डोकं लागतं. ताम्हिणीत एकदा चिखलात रुतून झालं, बंपरवर जास्तीचे दिवे बसवून झाले, की हा ताप चढतोच. गाडीच्या टपावर तंबू, तंबूला शिडी, शिडीशी स्टोव्हवर चहा आणि मागे धरणाचं पाणी. या चित्राने ज्यांची झोप उडवली आहे, अशा नवशिक्यांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात. शिडीचा सराव होईल.

पायरी 1 : गाडीची पुस्तिका शोधा

ती विम्याच्या कागदांखाली, मागच्या वर्षीच्या पीयूसीला चिकटून असते. तिच्यात टपावर किती वजन चालतं हा आकडा असतो. काही गाड्यांना तो 30 किलो असतो, काहींना 100. तंबू 50 ते 80 किलोंचा. कॅरियरचं वजन वेगळं आणि तेही याच आकड्यात धरायचं.

इथे नवशिका हमखास विचारतो, “आम्ही दोघं मिळून दीडशे किलो, मग झोपायचं कसं?” पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीचा आहे. खड्डे, ब्रेक, घाटातली वळणं यांचे हिसके त्यात धरलेले असतात. उभी गाडी याच्या कैक पट वजन पेलते, कारण तेव्हा सगळा भार शांतपणे खांबांवरून चाकांत उतरतो. कॅरियरवाल्याला मात्र दोन्ही आकडे विचारा. “साहेब, काही होत नाही” हा आकडा नव्हे.

गाडी सॉफ्ट टॉपची थार असेल, तर ही पायरी इथेच संपते. कापडावर कापडाचं घर उभं राहत नाही. फायबरच्या हार्डटॉपवरही विचारल्याशिवाय काही ठेवू नका. “सांगाड्यालाच वेल्डिंग मारून देतो” म्हणणारा कारागीर भेटला, तर मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आठवा. आरसी बुकातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच दिसली पाहिजे.

आणि आपल्या गाडीचा फार अभिमान बाळगू नका. पूर्व जर्मनीत लोक ट्रबांट नावाच्या दोन सिलिंडरच्या, 26 हॉर्सपॉवरच्या डबीवर तंबू लादून सुट्टीला जात.

पायरी 2 : मऊ की कडक, ते ठरवा

मऊ तंबू घडी करून पिशवीत बसतो. उघडला की निम्मा टपावर आणि निम्मा शिडीच्या आधाराने हवेत. त्या हवेतल्या भागाखाली सावली मिळते, तिथे कनात लावून कपडे बदलता येतात. जागा ऐसपैस, पण सकाळी घडी घालताना घटस्फोटाची भाषा सुरू होते.

कडक तंबू म्हणजे फायबरची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पेटी. दोन कड्या काढल्या की गॅसचे दांडे झाकण वर ढकलतात, मिनिटभरात घर तयार. किंमत जास्त, वजनही बहुधा जास्त, आणि रुंदी टपाएवढीच.

दोन्हींत “तिघांसाठी” असं लिहिलं असेल तर दोघांसाठी समजा. तिसरा माणूस फोटो काढायला खाली लागतोच. वर एकाने कूस बदलली की सस्पेन्शनमार्फत ती बातमी सगळ्यांना पोचते.

पायरी 3 : मिलिमीटरला घाबरू नका

कापडावर “3000 मि.मी.” असं छापलेलं असतं. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात 5000 मि.मी.हून जास्त पडतो, म्हणजे तंबू श्रावणातच गळणार, असा हिशेब करू नका. कापड किती उंच पाण्याचा स्तंभ झिरपू न देता पेलतं, त्याचं ते माप आहे. पाऊस आत येतो तो शिवणीतून आणि चेनमधून. दुकानात तिथे बोट फिरवून पाहा.

सह्याद्रीतलं खरं संकट वेगळंच. पहाटे आपल्याच श्वासाचं पाणी गादीखाली साचतं. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी हवी. ओला तंबू मिटून आणला, तर घरी गेल्यावर तासाभरात उघडून वाळवा. पुढच्या शनिवारी उघडलात तर आत बुरशीचं अभयारण्य असेल.

पायरी 4 : वॉचमनशी बोला

थारची उंची साधारण 1.85 मीटर. कॅरियर आणि मिटलेला तंबू धरून वर 40 सेंटिमीटर टाका. बेसमेंट पार्किंगच्या तोंडाशी लोखंडी आडवा बार असतो, त्यावर 2.1 मीटर लिहिलेलं असतं. हे गणित वॉचमन काकांनी आधीच सोडवलेलं असतं, तुम्ही फक्त उत्तर ऐकायचं. तंबू उतरवायला चार माणसं लागतात आणि ठेवायला एक बाल्कनी. तिथे सध्या तुळस, वॉशिंग मशीन आणि दोन वर्षांपूर्वीची सायकल आहे.

पायरी 5 : पाणसळ विकत घ्या

गवंडी वापरतो तीच. गाडी तिरकी उभी राहिली तर रात्रभर दोघं एका कोपऱ्यात घरंगळतात. जागा शोधा, चाकाखाली सपाट दगड घाला, हँडब्रेक ओढा, मगच तंबू उघडा.

एकदा उघडला की गाडी अडकली. दुधाची पिशवी आणायला भंडारदऱ्याहून शेंडीत जायचं, तरी आधी घर मिटायचं. जमिनीवरच्या तंबूवाला मात्र चावी फिरवून निघतो आणि येताना गरम भजीही आणतो.

“वर साप-विंचू येत नाहीत” हे बहुतांशी खरं. आफ्रिका-ऑस्ट्रेलियात हे तंबू त्याचसाठी लोकप्रिय झाले. आपल्याकडे रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी मचाणावर झोपायचा, त्यामागेही हा एक विचार होता. पण रात्री दोन वाजता शिडी उतरून तुम्ही जिथे जाता, तिथे ते सगळे असतातच. टॉर्च गादीशी ठेवा, चपला झटकून घाला.

पायरी 6 : भागाकार करा

समजा, लाखाचा तंबू. वर्षाकाठी चार रात्री, पाच वर्षं. एका रात्रीचे 5000 रुपये, आंघोळीची सोय वगळून. डिझेल जास्त जळतं ते वेगळंच.

हे सगळं शिकून मी मित्राचा तंबू उसना घेतला आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गेलो. तिथल्या अभयारण्यात मनाला येईल तिथे गाडी लावता येत नाही, म्हणून एका घराच्या अंगणात परवानगी काढली. पाणसळ लावली, दगड घातले, शिडी टेकवली. घरातली आजी ओसरीवर बसून सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, “लेका, एवढ्या वर कशापायी? हितं ओसरीवर वाकळ टाकते की.”

अकराच्या सुमारास पाऊस आला, तेव्हा मी ओसरीवर होतो. झोप उत्तम लागली. सकाळी पिठलं-भाकरीचे आणि मुक्कामाचे पैसे दिले, ते तंबूच्या एका रात्रीपेक्षा कितीतरी कमी होते.

तेव्हा नवशिक्यांनो, वर्षातल्या वीस रात्री खरोखर बाहेर काढत असाल तर तंबू जरूर घ्या. नाहीतर आधी उसना किंवा भाड्याने आणून एक पावसाळी रात्र काढा. सकाळी ओला तंबू स्वतःच्या हाताने मिटून झाल्यावरही हवासा वाटला, तर तो तुमचाच.