आगारात किती, मार्गावर किती

आमच्या घराण्यात जमिनीपासून सर्वांत उंच गेलेला माणूस म्हणजे वीज मंडळात लाइनमन असलेला माझा धाकटा चुलता, आणि तोही खांबाला शिडी लावून. त्यामुळे माझ्या भाचीनं, मुक्तानं, बारावीचा निकाल लागल्या लागल्या ‘मी पायलट होणार’ असं जाहीर केलं, तेव्हा विरोध नेमका कशाला करायचा हेच घरात कुणाला कळेना. मेडिकल म्हणाली असती तर डोनेशनवरून, आर्ट्‌स म्हणाली असती तर नोकरीवरून भांडता आलं असतं. विमानाबद्दल आमचं ज्ञान मान वर करून बघण्यापुरतंच. शेवटी ताईनं तोडगा काढला. म्हणाली, “अरे, तू एसटीत होतास ना? मग तूच बघ.”

मी आगारात वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीतून फलाटाकडे बघत ‘गाडी येतेय, येतेय’ असं सांगण्यात माझी हयात गेली. पण घरच्यांच्या लेखी ज्याला चाकं आहेत त्या प्रत्येक गोष्टीतला मी तज्ज्ञ. विमानालाही चाकं असतात, हे मुक्तानंच त्यांना सांगितलं होतं.

आधी नियम समजून घेतले. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, देते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, परवान्याच्या वेळी वय १८ पूर्ण लागतं. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचं तंत्र अशा लेखी परीक्षा, आणि पास व्हायला ७० टक्के. आमच्या घरात ३५ टक्क्यांवर पेढे वाटलेले आहेत, त्यामुळे हा आकडा ऐकून भाऊजी थोडे गंभीर झाले. रेडिओवर बोलायचं प्रमाणपत्र वेगळं. मेडिकल दोन पायऱ्यांचं, आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्मा चालतो हे कळल्यावर मावशीची एक मोठी हरकत निकाली निघाली. मी ताईला एवढंच सांगितलं की पहिला रुपया डॉक्टरला द्यायचा, शाळेला नंतर. क्लास वनमध्ये काही निघालं तर भरलेली फी परत मिळवायला आयुष्य जातं.

आणि मुख्य अट म्हणजे २०० तासांचं उड्डाण, त्यातले १०० तास विमानाची सूत्रं स्वतःच्या हातात घेऊन. हे ऐकून मी सहज म्हणून गेलो, “दोनशेच? आमचा ड्रायव्हर एवढे तास महिन्याभरात गाडी चालवतो. मग याला दीड-दोन वर्षं कशाला लागतात?”

मुक्ता म्हणाली, “मामा, हाच प्रश्न तिथे जाऊन विचार.”

तिथे जायच्या आधी तिथलेच लोक आमच्याकडे येऊ लागले, फोनवरून. मुक्तानं कुठल्याशा फॉर्ममध्ये माझा नंबर टाकला होता. सकाळी दात घासताना एक काउन्सेलर, दुपारी डोळा लागताना दुसरा. प्रत्येकाकडे शेवटच्या तीनच जागा शिल्लक. पंधरवड्यानं पुन्हा फोन आला तरी जागा तीनच; एसटीची आरक्षणाची खिडकी इतकी वर्षं बघूनही इतका स्थिर साठा मी पाहिलेला नाही. शेजारचे काका म्हणाले की अमेरिकेत पाठवा, त्यांच्या साडूचा मुलगा फ्लोरिडातून वर्षाच्या आत परवाना घेऊन आला. खरंय, तिकडे आणि दक्षिण आफ्रिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये तास भराभर होतात. पण तो परवाना घेऊन इकडे आलं की डीजीसीएच्या परीक्षा, उड्डाणाची चाचणी आणि कागदपत्रं करून तो भारतीय करून घ्यावा लागतो. साडूचा मुलगा त्या कामात किती दिवस घरी बसला होता, ते काकांनी तिसऱ्या चहाला सांगितलं.

शेवटी देशातच बघायचं ठरलं. बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया अशी नावं महाराष्ट्रातच होती. सरकारी म्हणायची तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी, पण तिथे प्रवेश परीक्षा आणि मोठी रांग. डीजीसीएनं २०२५ पासून या संस्थांची क्रमवारी लावायला घेतली आहे हे वाचून भाऊजींना हायसं वाटलं. आता पहिला नंबर बघायचा आणि फी भरायची, एवढंच काम. मी यादी उघडली. पहिल्या फेरीत ३५ संस्था, पैकी १३ ‘बी’ वर्गात आणि २२ ‘सी’ वर्गात. ‘ए’ची जागा कोरी. भाऊजी म्हणाले, “म्हणजे वर्गात सगळेच मागच्या बाकावर.”

मग आम्ही गावोगाव हिंडायला निघालो. मुक्ता, ताई, भाऊजी आणि चौकशी अधिकारी म्हणून मी.

पहिल्या संस्थेत एसी इतका होता की ताईनं पदर डोक्यावरून घेतला. भिंतीवर जेआरडी टाटांचा मोठा फोटो. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला परवाना मिळाला, असं खाली लिहिलेलं. ते वाचून होतंय तोवर एका तरुणानं मुक्ताच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून तिचा फोटोही काढला. अजून फॉर्म भरलेला नव्हता. भाऊजींनी हॉस्टेल विचारलं, ताईनं मेस विचारली. दोन्हींची उत्तरं रंगीत होती. मी विचारलं, “विमानं किती?”

“बारा, सर.”

“बघता येतील?”

इथे पहिल्यांदा त्या तरुणाला पाणी प्यावंसं वाटलं.

हँगरमध्ये विमानं बाराच होती, मोजण्यात खोट नव्हती. पण माझा जन्म आगारात गेलेला. आगाराच्या वहीत गाड्या साठ असल्या तरी सकाळी मार्गावर किती निघाल्या, त्यावर प्रवाशाचं नशीब ठरतं. इथे एका विमानाला इंजिनच नव्हतं. एक पुढच्या चाकावर गुडघा टेकून बसलं होतं. एकाच्या पंख्यामागच्या फटीतून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या. चिमणीनं आत घर केलं होतं आणि ते बऱ्यापैकी नांदतं दिसत होतं. “पार्ट मागवलाय सर, अमेरिकेतून येतोय.” हे वाक्य मी स्वतः इतक्या प्रवाशांना ऐकवलं होतं, फक्त माझा पार्ट विभागीय कार्यशाळेतून यायचा. उडण्याजोगी विमानं निघाली पाच.

रात्री लॉजवर मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. समजा पाच विमानं, प्रत्येकाचे रोज पाच तास, महिन्यातले २५ दिवस. झाले ६२५ तास. विद्यार्थी समजा शंभर, प्रत्येकाचे २०० तास, म्हणजे एकूण २०,०००. भागाकार केला, ३२ महिने. ब्रोशरमध्ये अठरा लिहिले होते. आणि या हिशेबात पाऊस धरलेला नाही, इन्स्ट्रक्टरची रजा धरलेली नाही, चिमणीचं बाळंतपणही धरलेलं नाही. भाऊजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हॉस्टेल चांगलं होतं पण.” बरोबर आहे, तिथेच राहायचं होतं ना जास्त.

दुसऱ्या ठिकाणी मी ऑफिसात गेलोच नाही. कुठल्याही आगाराची खरी बातमी कँटीनवर मिळते, म्हणून विमानतळाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घातलेली पोरं तिथे पहाटेपासून बसलेली. आज उड्डाण का नाही, असं विचारलं तर प्रत्येकाकडे वेगळं आणि खरं कारण होतं. एकाच्या वेळी वारा आडवा. एकाचे सर दुसऱ्या कंपनीत गेले. एकाचं विमान तपासणीला. आणि कालचा अख्खा दिवस गेला तो कुणा साहेबांचं विमान उतरणार म्हणून. साहेब आले उशिरा, गेले त्याहून उशिरा, आणि कार्यकर्त्यांचे हार संपेपर्यंत शिकाऊ विमानं कोपऱ्यात उभी. एक लातूरचा मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, माझा इथला हा तिसरा पावसाळा.” त्याच्या हातातली तासांची वही इतकी कोरी करकरीत होती की ती जपून वापरल्याबद्दल त्याचं कौतुक करावं की कसं, ते मला कळेना.

हवामान हा वेगळाच विषय. शिकणाऱ्याला खालची जमीन दिसली पाहिजे, समोरचं दिसलं पाहिजे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात. म्हणून उत्तरेकडे जावं, तर तिथे डिसेंबर-जानेवारीत धुकं. राजस्थानाकडे वळावं, तर उन्हाळ्यात धूळ. देशात बारा महिने निरभ्र आकाश कुठे असतं, तर संस्थांच्या ब्रोशरमध्ये.

पैशांचं गणित मी भाऊजींना हळूहळू सांगत गेलो. एकदम सांगण्यासारखं ते नाही. खर्च ढोबळ पन्नास लाख धरा. दोनशे तासांनी भागलं की तासाला पंचवीस हजार, मिनिटाला चारशेच्या वर. त्यात वर्ग, परीक्षेची तयारी आणि बाकीचंही येतं हे मान्य. पण उड्डाणाचा वेळ मोजतात तो विमान उडण्यासाठी जागचं हललं तेव्हापासून. जिथे मोठ्या कंपन्यांची विमानं येत-जात असतात, तिथे धावपट्टीच्या तोंडाशी दहा मिनिटं ‘थांबा’ म्हटलं की चार हजार रुपये जमिनीवरच उडतात. भाऊजी पाटाचं पाणी धरणारे शेतकरी, वाया जाणाऱ्या मिनिटाची किंमत त्यांना मुक्ताच्या आधी कळली. परवाना हातात आल्यावर नोकरीसाठी मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायची खास पात्रता, आणखी वेगळं. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत सगळं एका माळेत मिळतं, पण ती माळ कोटीच्या घरात जाते. ‘जॉब असिस्टन्स’ असं जिथे छापलं होतं, तिथे मी हमी लेखी मागितली. ती देताना कुणी दिसलं नाही. एके ठिकाणी दरपत्रकाखाली बारीक अक्षरात ‘कर वेगळे’ होतं. डीजीसीएमान्य उड्डाण प्रशिक्षणाला जीएसटी नाही हे सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनंच स्पष्ट केलंय, असं मी म्हटल्यावर हिशेबनीस आत गेला, तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही.

तिसरी संस्था दिसायला अगदीच सामान्य. एसीच्या जागी पंखा, आणि तोही ‘चार’वर दोनच्या वेगानं फिरणारा. चहा स्टीलच्या पेल्यात. ताईचं तोंड उतरलं. चीफ इन्स्ट्रक्टर निवृत्त फौजी. अठरा महिने का, असं विचारल्यावर म्हणाले, “अठरा लिहिलेत, तुम्ही दोन वर्षं धरा. पावसाळ्यात फार उडणं होत नाही, तेव्हा आम्ही पेपर काढून घेतो. सगळे पैसे आज भरू नका, टप्प्यानं भरा. आणि सोडून गेलात तर किती परत मिळतील, ते या पानावर आहे, आधी ते वाचा.” शेवटचं पान आधी वाचायला सांगणारा माणूस मी या प्रवासात पहिल्यांदाच पाहिला.

बाहेर एक मुलगी सेसनाच्या पंखाखालच्या तिरक्या दांड्यावर पाय देऊन वर चढलेली होती. टाकीचं झाकण उघडून तिनं आत एक खुणा केलेली काडी बुडवली, उजेडात धरून वाचली, वहीत आकडा लिहिला. मग खाली उतरून पंखाखालच्या छोट्या तोटीतून पारदर्शक भांड्यात थोडं पेट्रोल काढलं आणि त्यात पाण्याचा थेंब आहे का ते निरखून पाहिलं. रंग फिकट निळा. विमानाचं पेट्रोल ओळखू यावं म्हणून रंगवलेलं असतं. मी विचारलं, “आत काटा नाही का टाकीचा?”

“आहे ना,” ती म्हणाली, “पण सर सांगतात, काट्यावर भरवसा ठेवायचा नाही. काडीवर ठेवायचा.”

माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. आगारातला आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर पहाटे डिझेलच्या टाकीत काडी घालूनच गाडी बाहेर काढायचा, आणि बाकीचे त्याला हसायचे. घाटात बंद पडायची ती हसणाऱ्यांची गाडी.

विमानं सहा होती. मी सवयीनं हँगरच्या मागेही डोकावलो, तिथे भंगार नव्हतं. देखभालीचे इंजिनीअर हात पुसत बाहेर आले आणि “काय हवंय?” असं जरा गुरगुरूनच म्हणाले. काल किती विमानं उडाली, असं विचारल्यावर त्यांचा आवाज बदलला. आजवर आलेल्या पालकांनी त्यांना वायफायचा पासवर्ड सोडून काहीच विचारलं नव्हतं म्हणे. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली, कुठल्या विमानाची पन्नास तासांची तपासणी कधी, शंभराची कधी, कुठला पार्ट कपाटात आहे आणि कुठला मागवलाय. दोन यंत्रणांतली माणसं भेटली की जे होतं ते झालं. ताईनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मुक्ताला पाठवलं.

प्रवेश तिथेच घेतला. नातेवाइकांत संस्थेचा फोटो दाखवला की लोक अजून भाऊजींकडे सहानुभूतीनं बघतात.

मुक्ताचा रोज संध्याकाळी फोन येतो. ताई विचारते, जेवलीस का. भाऊजी विचारतात, पुढचा हप्ता कधी. मग फोन माझ्याकडे येतो.

“आज मार्गावर किती?”

“मामा, विमानं आहेत ती. सहापैकी पाच. सहावं शंभर तासांच्या तपासणीला गेलंय.”

“येणार कधी?”

“परवा म्हणालेत.”

परवा म्हणालेत तर येईलही. त्या इंजिनीअर साहेबांचा नंबर मी घेऊन ठेवलाय, पण उगाच फोन करून त्रास देणाऱ्यांतला मी नाही. तेरवा सकाळी करीन.