मोडायची पिन

निवृत्तीनंतर माझ्या बरोबरीच्या लोकांनी गुडघे बदलून घेतले. मी होडी घेतली. मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत दोन माणसे आणि एक टोपली मावेल एवढी फायबरची होडी, आणि तिच्या पाठीला लावायला पाच हॉर्सपॉवरचे जुने आउटबोर्ड मशीन. विकणारा म्हणाला होता, ‘‘एका दोरीत सुरू होता.’’ ते खरेच निघाले. फक्त ती एक दोरी कितवी, हे त्याने सांगितले नव्हते.

पहिली दोरी माणूस ऐटीत ओढतो. पाचवीला रामेश्वराचे नाव येते, दहावीला सदरा उतरतो. तोवर काठावर चार जण जमलेले असतात. एक म्हणतो, ‘‘चोक वढा.’’ दुसरा म्हणतो, ‘‘चोक वढू नको.’’ गंमत म्हणजे दोघेही बरोबर असतात. मशीन थंड असेल तर चोक हवा. तापलेले असताना ओढला, तर पेट्रोल तुंबून प्लग भिजतो. मग प्लग काढायचा, लुंगीला पुसायचा आणि उन्हात धरायचा. एकदा मी तो तळहातावर घेऊन बसलो होतो, तेव्हा बायकोने पडवीतून विचारले, ‘‘एकच आमसूल वाळवताय?’’

अशा वेळी मला ओले एव्हिनरूड आठवतो. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेला कारागीर. सहलीत प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आइसक्रीम आणायला गेला, ते परतेपर्यंत वितळले, आणि त्या चुटपुटीतून त्याला होडीच्या मशीनची कल्पना सुचली, असे सांगतात. १९०९ साली त्याने अशी मशिने विकायलाही काढली. वल्हवण्याचा त्रास वाचावा, एवढाच त्याचा हेतू. मशीन घेतल्यापासून मी जितके वल्हवले, तितके आधी जन्मात वल्हवले नव्हते.

पावसाळ्यात मशीन पडवीत पोत्याखाली झोपते. १ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटींनाही समुद्रबंदी. माझ्या मशीनला तेवढ्यापुरती प्रतिष्ठा येते. नारळी पौर्णिमा झाली की आमची पुन्हा झटापट. यंदा ते चक्क तिसऱ्या दोरीला सुरू झाले. मी पेढे सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी विचारले, ‘‘मशीन लघवीक जाता मा?’’

हा शास्त्रीय प्रश्न आहे. मशीन खाडीचे पाणी खालून ओढून घेते, अंग थंड करते आणि त्यातली एक बारीक धार मागून सोडते. धार दिसली की समजायचे, पाणी फिरते आहे. आमची धार बंद होती. मी मनातल्या मनात पंप बदलला, त्याचा खर्च मांडला, बायकोला काय सांगायचे तेही ठरवले. मेस्त्रींनी एक बारीक तार घेतली, भोकात घातली आणि फिरवली. वाळलेल्या मातीची गोळी बाहेर पडली, मागोमाग धार. कुंभारीण माशीने दोन महिन्यांत तिथे बिऱ्हाड थाटले होते. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. ‘‘घर तिचा मोडला, तुमचा काय गेला?’’ म्हणाले.

पण मला शहाणपण शिकवले ते एका पिनेने. या लहान मशीनचा पंखा दांड्यावर एका बोटभर पितळी पिनेने अडकवलेला असतो. पंखा खडपावर आपटला की पिन तुटते. मशीन जोरात ओरडत राहते, होडी जागची हलत नाही, एखाद्या कचेरीसारखे. गेल्या हिवाळ्यात तसे झाले तेव्हा जवळ पिन नव्हती. मी वल्हवत घरी आलो आणि हुशारी करून जाडसा लोखंडी खिळा कापून घातला. खिळा भक्कम होता. पुढच्या खडपावर तो मुळीच मोडला नाही. आतला गिअर मोडला.

मेस्त्रींनी खिळा चिमटीत धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. ‘‘काकानू, जा मोडूक व्हया ता मोडला नाय, म्हणान जा मोडूक नको ता मोडला.’’

बिलाचा आकडा मी विसरलो, हे वाक्य विसरलो नाही. ती पिन मुद्दामच मऊ केलेली असते. तिचे कामच मोडणे. आमच्या घरच्या वाटणीत एक काका होते. हापूसच्या दोन कलमांवरून सगळे हातघाईवर आले, तेव्हा ‘‘घेवा तुमीच’’ म्हणून ते पायरीवर जाऊन विडी ओढत बसले. आम्ही त्यांना जन्मभर भोळे म्हणत आलो. बाकीचे आम्ही सगळे खिळे होतो. घर टिकले ते खिळ्यांमुळे, असेच आम्हाला वाटायचे.

आता तंबाखूच्या जुन्या डबीत पाच पिना घेतल्याशिवाय मी होडी लोटत नाही. आणि दोन वल्हीसुद्धा घेतो.