समुद्रातले पंखे आणि आमची भिशी

अहो, ऐकलंत का? या ना जरा भिंतीजवळ. कोपऱ्यावरच्या काकूंचा मुलगा नाही का ऑस्ट्रेलियात, वुलनगाँगला शिकायला... तिथे समुद्रात पवनचक्क्या बसवायचं सरकारने काढलं नि गावात उभी फूट पडली म्हणे! मोर्चे काय, भांडणं काय. लाटांवर फळी घेऊन उभे राहतात ते सर्फर, त्यांच्यातही दोन तट. एक म्हणतो लाटा बिघडतील, दुसरा म्हणतो कोळशाची वीज कधी सोडणार मग?

आधी किनाऱ्यापासून 10 किलोमीटरवर ठरलं होतं. हरकतीच आल्या 14 हजारांवर! मग 2024 च्या जूनमध्ये जागा कापून 20 किलोमीटर आत ढकलली. म्हणजे इथून अकोलाबाजार जेवढं लांब, तेवढं घ्या ना. तरी लोक म्हणे, दिसतंच की.

तर काय सांगत होते... हां, देवमासे! फेसबुकवर कुणीतरी सोडून दिलं, या पंख्यांनी वर्षाला 400 देवमासे मरणार, 'मरीन पॉलिसी' मासिकात छापून आलंय. झालं, सगळीकडे फॉरवर्ड. आणि त्या मासिकाचा संपादक कोण असावा? वुलनगाँगच्याच विद्यापीठातला प्रोफेसर! तो म्हणाला, असा लेख आम्ही छापलेलाच नाही. काकू भिशीत हे सांगताना अश्शा खुलल्या होत्या... "आपले व्हॉट्सअ‍ॅपवाले परवडले बाई," म्हणाल्या.

इथवर ठीक होतं हो. पण पुढे म्हणाल्या, "नुसता व्ह्यू बिघडतो म्हणून एवढं रडायचं? प्रगती नको यांना!"

कोपऱ्यात आर्णीकडच्या वहिनी भिशीच्या चिठ्ठ्या घडी करत होत्या. हात थांबला त्यांचा. म्हणाल्या, "आमच्याही माहेरच्यांना हेच म्हणतात, काकू. निम्न पैनगंगा धरणाची मंजुरी 1997 ची. 95 गावं बुडतात, आमच्या बाजूची नि पलीकडे नांदेडची. त्यांचे पंखे तरी 20 किलोमीटरवर सरकले. आमचं गाव कुठे सरकवू?"

बाप्पा! चिवड्यात खडा लागावा तसं तोंड झालं काकूंचं. सावरायला म्हणाल्या, "पण शेतीला पाणी मिळेल ना?"

"मिळेल की. दुसऱ्यांच्या."

मी आपली चहा गाळायला उठले. पण कान इकडेच! शेजारची ती नवी सूनबाई, तिला काय कळतंय, तिने विचारलं, "मग तिकडचे पंखे लागले का?" काकू पुटपुटल्या, "नाही ना. अर्जात एकच कंपनी उरली होती, तीही माघारी गेली." वहिनी पटकन म्हणाल्या, "म्हणजे रडून फायदा होतो तर!" आणि आम्ही सगळ्या... काकू सोडून हो... जोरात हसलो.

आता पुढची भिशी वहिनींकडे. काकूंचा निरोप आलाय, गुडघा दुखतो म्हणे. परवा तर दत्त चौकात भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चालल्या होत्या, मी पाहिलं ना!